भैरवीशिवाय बारी

१५ नोव्हेंबर २०२४, शुक्रवार

कुवेतच्या सलवा भागात लग्नाचं स्टेज उतरवताना ट्रकचा ड्रायव्हर आणि पुंडलिकदादा यांची जुंपली. ड्रायव्हर आईवरून काहीतरी बोलला. पुंडलिकने हातातला लोखंडी पाइप आधी खाली ठेवला (हे विशेष) आणि मग डोकं त्याच्या नाकावर हाणलं. काडेपेटी पायाखाली चिरडावी तसा आवाज. पांढऱ्या गालिच्यावर रक्त. हरिश्चंद्रबुवांनी पुंडलिकला मागून कवेत घेतलं आणि बैलाला चुचकारतात तसे कानाशी पुटपुटत राहिले. दोन मिनिटांत गडी थंड. मग दोघांनी मिळून गालिचा धुतला. मीपण धुणार होतो, पण समोरच्या गच्चीत एक माणूस ससाण्याच्या डोळ्यांवर टोपी चढवत होता. बघत राहिलो.

वही नवीन आहे तर ओळखपाळख लिहून टाकतो. बुवा म्हणजे आमच्या मांडव-स्टेजच्या कंपनीतले सुतार, कणकवलीकडचे, एकवीस वर्षं कुवेतात. पुंडलिक वेल्डर, वेंगुर्ल्याचा, अंगाने रेडा. दोघंही गावाकडे भजनाची बारी करणारे. जलीब या कामगारवस्तीतल्या आमच्या खोलीत दोघांचे खालचे पलंग समोरासमोर, जेवण एका टोपात. पुंडलिकच्या वरचा पलंग माझा. मी प्रज्वल, आयटीआय अर्धी, गोव्यात हॉटेल अर्धं, पुण्यात कुरिअर पाव. इथे हेल्पर. साउंडच्या वायरी मी बघतो.

१७ नोव्हेंबर

फोनवर एका जपानी माणसावरची मालिका सापडली. साबुरो किरिहाता. शाळेत असताना रेडिओला नकला लिहून पाठवायचा, शिक्षकांची बोलणी खायचा. मग गाणी लिहायला लागला, चार हजारांच्या वर लिहिली. मग टीव्ही, नाटक, सिनेमा, फोनवरचे खेळ, सगळीकडे हा. पण खरी गंमत पुढे. एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर छोटं थिएटर घेतलं, तिथे रोज त्याच पोरी गाणार, लोकांनी मतं द्यायची, जिला जास्त मतं ती पुढच्या रांगेत. पहिल्या दिवशी सातच माणसं आली होती. सात!

आणि मग त्यानेच दुसरा ग्रुप काढला, पहिल्याचा वैरी म्हणून. गाणी दोन्हीकडची हाच लिहितो. म्हणतो, गाणं लोक विसरतात, बाजू विसरत नाहीत.

तीन भाग पाहिले. चौथ्यात झोप लागली.

२० नोव्हेंबर

डोक्यात किडा वळवळतोय. आपल्याकडे डबलबारी असतेच की. दोन बुवा, दोन मंडळं, एकाने गजरातून, म्हणजे गाऊनच, दुसऱ्याची उणी काढायची, दुसऱ्याने परतवायची. किरिहाताला शून्यातून बनवावं लागलं, मला आयतं.

दोघांना वेगवेगळं गाठलं. म्हटलं, बारी करू, तुमचे शब्द मी लिहितो, पण कुणाला सांगायचं नाही. दिवसभर काम करून कुणाला सुचणार? दोघेही हो म्हणाले. पुंडलिक तर लाजला.

कुणाला ठाऊक नाही की दोघांचं मीच लिहितोय. आतून उकळी फुटते.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

पहिली बारी झाली!! वफ्र्यात, शहरापासून लांब, एका शेतावर टोमॅटोचं रिकामं हरितगृह आहे, तिथला मुकादम अहमद, इजिप्तचा, ओळखीचा. बस करून साठ-सत्तर माणूस गेला. प्लास्टिकखाली उकाडा, खताचा वास, आणि पखवाज असा घुमला की अहमद म्हणाला, "हे लग्न आहे की लढाई?" म्हटलं, दोन्ही.

बुवांनी टाकला:

वेल्डिंग करतंस लोखंडाचा, सूर तुका जोडवत नाय
ठिणगी उडता तोंडातून, उजेड काय पडत नाय

माणसं उठून नाचली. पुंडलिकने फोनवर माझा मेसेज वाचला आणि परतवला:

रंधो मारून मारून बुवा, लाकूड गेला, भुसो उरलो
एकवीस वर्सां तोच अभंग, इठ्ठल उभ्यान निजान गेलो

बुवा स्वतःच हसून लोटपोट. पुंडलिकला "शाबास मेल्या!"

आता खरी गोष्ट. गावची रीत अशी की शेवटी दोन्ही बुवांनी एका पेटीवर बसून मिळून भैरवी म्हणायची. म्हटली की झालं गेलं तिथेच. पण किरिहाताने तिसऱ्या भागात सांगितलंय, दोन वैरी शेवटी एका रांगेत दिसले की माणूस तृप्त होऊन घरी जातो, आणि तृप्त माणूस परत येत नाही. म्हणून बुवा सरकून पुंडलिकला जागा करून देत होते तेवढ्यात मी साउंड मिक्सरची वायर काढली आणि ओरडलो, "बस सुटतेय, चला!"

बुवा म्हणाले, "अरे, भैरवी रवली."

"पुढच्या वेळी, बुवा."

"रवता नये ती," एवढंच म्हणाले. पण बसमध्ये चढले.

१ डिसेंबर

बारीचा व्हिडिओ इथल्या कोकणवाल्यांच्या फोनवरच्या ग्रुपवर टाकून मतं घेतली. बुवा ११२, पुंडलिक १०९. असं अटीतटीचं हवं.

बसमध्ये परतताना मागच्या सीटवर मारामारी झाली होती ते लिहायचं राहिलं. कणकवलीवाल्याने वेंगुर्लेकराचं डोकं खिडकीवर आपटलं, काच तडकली, वेंगुर्लेकराने त्याचा अंगठा चावला. दोघे एरवी एकाच कंपनीत प्लंबर. ड्रायव्हरने बस थांबवून दोघांना वाळूत उतरवलं, तिथेही थांबेनात. आम्ही काचेतून बघत होतो. कुणीतरी व्हिडिओ टाकलाय, बारीपेक्षा तोच जास्त पाहिला गेला.

१३ डिसेंबर, शुक्रवार

दुसरी बारी. दोनशे माणूस. वायर पुन्हा काढली, या वेळी "जनरेटर गेला" म्हणून.

गर्दी बाहेर पडली ती दोन भागांत. खजुरीच्या रांगेशी दगडफेक. मग काठ्या, मग टोमॅटोच्या वेलांना लावतात त्या लोखंडी सळ्या. एक माणूस गुडघ्यावर बसून स्वतःचा कान वाळूत शोधत होता. अर्धा कान. दुसरा त्याला मदत म्हणून शोधत होता, आणि तोच चावणारा होता, तोंडाला रक्त तसंच. मला हसू आलं.

अहमदने पाण्याचा मोठा पाइप सोडला तेव्हा कुठे पांगले. मला म्हणाला, "आता बस, हबीबी. मुदीरला, मालकाच्या मॅनेजरला, कळलं तर माझी नोकरी जाईल." म्हटलं, शेवटची एक.

१५ डिसेंबर

आमच्याच खोलीतल्या एकाला सळी लागलीय, त्याला घेऊन दवाखान्यात गेलो. तिथे शलाकाताई नर्स, साताऱ्याची. चौदा टाके घातले.

"शुक्रवारपासून हा सहावा. सगळे सांगतात, बाथरूममध्ये पडलो. काय रे, जलीबमध्ये सगळी बाथरूम्स एकदम घसरडी झाली?"

मी व्हिडिओ दाखवला. शब्द माझे आहेत हे सांगितलं, पण फक्त बुवांचे. तिने दोन्ही बाजू ऐकल्या.

"कविवर्य, दुसऱ्याचेही तुझेच वाटतात."

"छे, छे."

"आणि शेवटी मिळून काही म्हणत नाहीत का? माझे आजोबा सांगायचे असं काहीतरी."

"वेळ पुरत नाही."

ती टाक्यांचा ट्रे धुवायला गेली. चांगली आहे. हिला ग्रुपमध्ये घ्यायला हवं, डॉक्टर-नर्सेसची मतं येतील.

१८ डिसेंबर

खोलीच्या मधोमध चादर टांगलीय. इकडे पुंडलिकवाले, तिकडे बुवावाले. दोन शेगड्या, दोन टोप. काल कुणीतरी बुवांच्या टोपात साबण टाकला, म्हणून आज कुणीतरी पुंडलिकवाल्याच्या पायावर उकळता चहा ओतला. सालडी सोलून निघाली.

बुवा पखवाजाला शाई लावत बसले होते. वर माझ्याकडे न बघता म्हणाले, "प्रज्वला, दोघांका घास भरवणारो हात एकच असल्यासारको वाटता रे."

म्हटलं, "किरिहाताची स्टाइल आहे, बुवा. सगळीकडे तशीच वाटते."

"कोण तो?"

मी त्यांना सगळं सांगितलं, थिएटर, मतं, पुढची रांग. त्यांनी शांतपणे ऐकलं. "तेच्याकडे लोका मारामारी करतत?" विचारलं. तिथवर पाहिलं नव्हतं, म्हणून म्हटलं, जपानी माणसं शिस्तीची. मला वाटतं त्यांना पटलं.

२० डिसेंबर, शुक्रवार

दुपारी खोलीत तिघंच. मी वर पडलेलो, कानात इयरफोन, पण फोन चार्जिंगला, म्हणजे इयरफोन नुसतेच. पुंडलिक उठला, चादर बाजूला केली आणि बुवांच्या पलंगावर जाऊन बसला. मग सांगायला लागला.

त्याचा धाकटा भाऊ. अठरा वर्षांचा. दोघं खाडीत जाळी टाकायला गेलेले. पुंडलिक प्यालेला, होडीत झोपला. भाऊ जाळं सोडवायला पाण्यात उतरला आणि चिखलात अडकला. ओहोटी होती, मग भरती आली. हाका मारत असणार. पुंडलिक सकाळी उठला. हे त्याने बायकोलाही सांगितलेलं नाही. "बुवा, म्हणान माझा डोक्या फिरता. कोण आवशीवर गेलो काय माका ता पाणी दिसता." (आवस म्हणजे आई.)

एवढा मोठा माणूस बुवांच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. बुवा डोक्यावरून हात फिरवत होते. म्हणाले, "पुढची बारी झाली काय आपण दोघा भैरवी म्हणाया. कोणी वायर काढल्यान तरी म्हणाया."

आणि संध्याकाळी टोप एक झाला.

झालं! सगळं पाण्यात. तिसऱ्या बारीला तीनशे नावं आली आहेत आणि हे दोघे माशाचं कालवण वाढताहेत एकमेकांना. संध्याकाळपासून डोकं भणभणत होतं. खाली जाऊन एका फिलिपिनो पोराची सायकल दुरुस्त करून दिली.

२८ डिसेंबर

लिहिलं. लिहू नये हे कळतं. बारीत समोरच्याच्या गुरूवर, गळ्यावर बोलतात, घरावर आणि मेलेल्या माणसावर बोलत नाहीत. पण लिहिल्यावर वाचून पाहिलं तर अंगावर काटा आला, असं मी आजवर लिहिलं नव्हतं. हे मात्र खरं की पाठवायचंच असं नाही. हाताशी असू दे.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

क्रमाने लिहितो.

बारी मिळमिळीत चालली होती. दोघं एकमेकांना चिमटे काढत होते, पण हसत. गर्दी कंटाळली. मागून कुणी ओरडलं, "लग्न लागला काय रे तुमचा?" लोक उठायला लागले. मला दरवाजापर्यंत रिकामी वाट दिसली आणि मी ते लिहिलेलं बुवांना पाठवलं.

बुवांचा फोन पेटीवर. त्यांनी पाहिलं. सुरुवातीच्या दोन ओळी नुसत्या भरीच्या होत्या, त्यावर टाळ्या पडल्या, माणसं परत बसली, पखवाज चढला. मग:

भावान तुका हाक मारल्यान, पाणी त्याच्या गळ्याक इला
होडयेत दादा घोरत रवलो, सकाळी मगे रडूक इलो

गर्दीला काही कळलं नाही, तरी टाळ्या. पुंडलिकने हातातली झांज हळूच खाली ठेवली. मग तो पेटीवरून उडालाच. बुवा मागे पडले. तो त्यांच्या छातीवर बसून दोन्ही हातांनी गळा आवळत होता, बुवांची जीभ बाहेर, टाचा मातीत घासताहेत. कुणी सोडवेना, सगळ्यांना वाटलं खेळ आहे. काही जण व्हिडिओ काढत होते. मीसुद्धा क्षणभर तेच समजलो, खोटं कशाला लिहू. बुवांचा हात बाजूला चाचपत होता, पखवाज ठोकायची हातोडी लागली. एकदाच मारली. डोळ्यावर.

पुंडलिक उभा राहिला. तोंडावर हात. बोटांमधून जे आलं ते नुसतं रक्त नव्हतं.

मग तीनशे माणसं एकमेकांवर. प्लास्टिक फाटलं, सळ्या उपसल्या. माझ्या पाठीवर कुणीतरी नाचलं. अहमदने फाटक बंद करून पोलिसांना बोलावलं. बुवा पळाले नाहीत. पुंडलिकचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि पुंडलिक मांडीवरूनच त्यांना गुद्दे मारत होता.

५ जानेवारी

डोळा काढला. शलाकाताईची मैत्रीण त्या हॉस्पिटलात आहे, तिने कळवलं.

बुवा मखफरमध्ये, म्हणजे पोलीस ठाण्यात. कंपनीचा कागदपत्रं बघणारा सांगतो, पुंडलिकने तनाझुल दिलं, म्हणजे माझी तक्रार नाही असं सही करून दिलं, तर बुवांना नुसतं मायदेशी धाडतील. नाही तर खटला, काही वर्षं आत. बुवा एकोणपन्नास वर्षांचे, साखरेच्या गोळ्या चालू.

पुंडलिकने कागद फाडला. म्हणाला, "जगात एकाक सांगितलंय, आणि तेना तीनशे लोकांत गायल्यान."

७ जानेवारी

मालिकेचा शेवटचा भाग पाहिला. किरिहाताच्या दोन ग्रुपांच्या चाहत्यांत जिन्यावर मारामारी झाली होती, एक पोरगी कठड्यावरून खाली पडली, तिची पाठ गेली. त्याने कॅमेऱ्यांपुढे कमरेत वाकून माफी मागितली. मी मोजलं, अकरा सेकंद. पुढच्या महिन्यात गाणी दुप्पट खपली. मुलाखत घेणारीने विचारलं, त्या भांडणाची गाणी कोणी लिहिली होती? तो म्हणाला, काळाने.

पुन्हा पाहिलं. पुन्हा "काळाने"च म्हणाला.

९ जानेवारी

हॉस्पिटलला निघालो होतो. वाटेत बुटांच्या दुकानात गेलो. बूट घेतले नाहीत. मग बस चुकली. उद्या.

१० जानेवारी

आजही नाही. खोलीतले पुंडलिकवाले म्हणतात, बुवा सुटला तर विमानतळावर पाय तोडू. आणि ज्याने बुवाला साथ दिली त्याचेही. मी भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग घेतलं.

११ जानेवारी

सांगितलं.

डाव्या हाताने लिहितोय, कारण पुढे येईलच. शलाकाताई सोबत आली, दाराशी थांबली. पुंडलिक उशाला टेकून, अर्ध्या तोंडाला पट्टी. मी उभ्यानेच बोललो. ते शब्द माझे. दोन्ही बाजूंचे माझेच. त्या दुपारी मी वर जागा होतो, इयरफोन नुसतेच होते. बुवांनी तुमचं काही कुणाला सांगितलं नाही. फोनवर आलं ते घाईत न वाचता गायले, त्यांना कळलंच नाही काय गातायत. वायरही मीच काढायचो.

"न वाचता?" त्याने विचारलं.

"न वाचता."

"हात दी," म्हणाला. मला वाटलं हातात हात घेणार. दिला. त्याने उजव्या हाताची दोन बोटं मुठीत धरली आणि सावकाश मागे नेली. वेल्डरची मूठ. मी ओरडलो नाही, कारण तो बघत होता, एका डोळ्याने, अगदी जवळून. पहिल्याचा आवाज आला. दुसऱ्याचा आला नाही, पण तेही गेलं.

मग म्हणाला, "कागद हाड." आण म्हणत होता, तनाझुलचा.

१४ जानेवारी

अजून डावा हातच. शलाकाताईनं पट्टी बांधली. काय झालं विचारलं नाही. "बाथरूम?" म्हणाली. मी हो म्हटलं.

सही झाली. बुवांना उद्या धाडणार.

१६ जानेवारी

पोरांना कळलंच. परवा जिन्यात गाठलं. दोन्हीकडचे होते, कान तुटलेला आणि चावणारा दोघेही. एकाने धरलं, एकाने मारलं. दोन दात. बरगडी दुखते, हसता येत नाही, हसायचं काही नाही म्हणा. मारताना एकमेकांना "जरा बाजूक हो, तुका लागात" म्हणत होते.

चादर कुणीतरी काढून धुवायला टाकली.

२६ जानेवारी, रविवार

पुंडलिकदादा खोलीत परत आलाय. बोलत नाही, पण काल त्याने माझ्या ताटात भात वाढला, मी डाव्या हाताने सांडतो म्हणून. बुवांचा पलंग मोकळाच.

सकाळी तो आंघोळीला गेला आणि बुवांचा फोन आला, कणकवलीहून. मागे कोंबडा ओरडत होता.

"पुंडलिकचो दुसरो डोळो बरो आसा मां?"

"बरा आहे."

"तेना सही कशी दिल्यान रे? कोणी सांगूक नाय माका."

मी सगळं सांगितलं. माझं काय ते. आणि म्हटलं, "तुम्ही न वाचता गायलात हेही सांगितलं, त्याच्यावरच तो विरघळला."

तिकडे दार लावल्याचा आवाज आला, कोंबडा ऐकू येईना.

"तसा नाय ता, झिला. मी पयला वाचलंय. चष्मो लावन. सगळा वाचलंय."

"मग गायलात का?"

"लोका परत बसाक लागली होती. टाळये पडत होते." मग म्हणाले, "थांबाक जमला नाय. आता तू काय ता बघ." फोन ठेवला.

पुंडलिक टॉवेलने डोकं पुसत आला. आता त्याला बघायला अख्खी मान वळवावी लागते. मान वळवली.

"कोणाचो?"

"बुवांचा. सुखरूप पोचले म्हणाले."

तो पलंगावर बसला. टॉवेल घडी केला, उलगडला, परत घडी केला.

"धा-बारा दिस आत ठेवलंय मी तेका. उगाच." आणि मग, "माझ्यावर रागावलो नाय मां?"

"नाही," मी म्हटलं.